वकिली, घरचा धंदा आणि उमेदवारी: पैशाचा हिशेब कुठून सुरू होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुका न्यायालयात बारा वर्षं वकिली झाली आहे. वडिलांची शेती अवजारांची भागीदारी पेढी आहे, त्यात तुमचंही नाव आहे. भावाची छोटी कंपनी रस्त्यांची कामं घेते. पुढची विधानसभा लढवायची इच्छा आहे आणि एका पक्षाने तोंडी शब्दही दिला आहे. वकिली चालू ठेवता येईल का, धंद्याचं काय करायचं, प्रचाराचा पैसा कसा उभा करायचा, हे तुम्ही विचारलंय. शेवटी एक वेगळाच प्रश्न जोडलाय: राजकीय देणग्यांची ही व्यवस्था बदलावी असं मनापासून वाटतं, तर त्यासाठी निवडून जाऊन काही करता येतं, की हे काम कोर्टातच होतं?

मी सव्वीस वर्षं निवडणूक याचिका आणि उमेदवारांच्या खर्चाच्या हिशेबाची कामं करतो आहे. तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण त्याचं उत्तर पहिल्या तिन्हींतून जातं, म्हणून क्रमाने येतो.

वकिली चालू ठेवता येते. खासदार-आमदारांना वकिलीची मनाई करावी अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. ती २५ सप्टेंबर २०१८ रोजी फेटाळली गेली. लोकप्रतिनिधीला सरकारी तिजोरीतून वेतन मिळत असलं तरी तो कोणाचा पूर्णवेळ पगारी नोकर ठरत नाही, आणि बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांत त्याला अडवणारी तरतूद नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मंत्री झालात तर गोष्ट वेगळी, तेव्हा वकिली थांबवायची. पण आमदार म्हणून गाऊन घालून उभं राहायला अडचण नाही.

अडचण धंद्याची आहे, आणि ती निवडणुकीची नसून आजची आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला स्वतः धंदा करता येत नाही. स्लीपिंग पार्टनर, म्हणजे कारभार न पाहणारा भागीदार, राहता येतं, तेही धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारा नसेल तर. वारशाने आलेला घरचा धंदा चालू ठेवता येतो, पण कारभारात स्वतः भाग घ्यायचा नाही. कंपनीचं संचालक होता येतं, पण मॅनेजिंग डायरेक्टर किंवा सेक्रेटरी होता येत नाही. आपल्या महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलचंच एक प्रकरण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. एका डॉक्टरांना दवाखाना चालू ठेवून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हवी होती, ती मिळाली नाही. वकिली माणसाचा पूर्ण वेळ मागते, हा त्या निकालाचा गाभा आहे. तुम्ही लिहिलंय की हंगामात संध्याकाळी पेढीवर बसता आणि चेकवर तुमची सही चालते. हे आधी थांबवा. उमेदवारी जाहीर झाली की विरोधक सर्वांत आधी तुमची सनद आणि ती सही शेजारी ठेवून तक्रार करतील, आणि तक्रार खोटीही नसेल.

भावाच्या कंपनीबद्दल तुम्ही जास्त घाबरलेले दिसता. तिथे मात्र तुमची काळजी थोडी चुकीच्या जागी आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९-अ सांगतं की राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी काम करण्याचा करार ज्याने स्वतःच्या व्यापारात केलेला आहे आणि तो करार चालू आहे, त्याला विधानसभा लढवता येत नाही. करार भावाच्या कंपनीचा आहे, तुमचा नाही. कंपनी ही वेगळी कायदेशीर व्यक्ती असते. पण पेढीचं तसं नाही. भागीदारी पेढीने कृषी खात्याला अवजारं पुरवण्याचा करार केला असेल तर तो तुमचाही करार मानला जाऊ शकतो, मग तुम्ही स्लीपिंग पार्टनर असा किंवा नसा. दोन बारकावे लक्षात ठेवा. जिल्हा परिषदेशी केलेला करार म्हणजे राज्य सरकारशी केलेला करार नव्हे. आणि तुमच्याकडून काम पूर्ण झालं असेल, फक्त सरकारकडून बिल यायचं राहिलं असेल, तर तेवढ्यावरून करार चालू आहे असं कायदा मानत नाही. छाननीच्या टेबलावर या दोन मुद्द्यांवर उमेदवारी वाचलेली मी पाहिली आहे. वाचते ती कागद हातात असले तरच. काम पूर्ण झाल्याचा दाखला आजच मागून ठेवा, अर्ज भरायच्या आठवड्यात तो कोणी शोधून देत नाही.

आता पैसा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण वकील उमेदवाराची खरी घसरण इथे होते आणि ती त्याला घसरण वाटतही नाही.

व्यापारी उमेदवाराला कोणी पैसे दिले तर ते देणगी म्हणून दिसतात. वकिलाला दिले तर ते फी म्हणून दिसू शकतात. एखादा बिल्डर, एखादा साखर कारखानदार निवडणुकीच्या सहा महिने आधी तुमच्याकडे येतो आणि म्हणतो, आमच्या सगळ्या जमिनीच्या कामांसाठी तुम्हाला रिटेनर, म्हणजे ठरावीक फीवर कायमचे वकील म्हणून, ठेवायचंय. रक्कम तुमच्या नेहमीच्या फीच्या दहापट असते. कामाचा कागद एकही येत नाही. तुम्ही पावती देता, कर भरता, बँकेतून पैसे घेता. सगळं पांढरं आहे. आणि तरीही ती देणगीच आहे, फक्त तिच्यावर देणगीचं नाव नाही. मला असे रिटेनर माहीत आहेत. अशाच एका वकील उमेदवाराचं काम माझ्याकडे आलं होतं. त्याच्या प्रतिज्ञापत्रात गेल्या पाच वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं, तिथे शेवटच्या वर्षाचा आकडा एकदम उडी मारत होता. विरोधी उमेदवाराने प्रचारसभेत एवढंच विचारलं की ही फी कोणत्या खटल्याची. कायद्याने तो गुन्हेगार ठरला नाही. पण खटल्याचा क्रमांक त्याला सांगता आला नाही आणि सभेतल्या लोकांना जे समजायचं ते समजलं.

म्हणून माझा सल्ला कडक आहे. निवडणूक लढवायचं ठरलं त्या दिवसापासून नवा रिटेनर घेऊ नका. जुन्या पक्षकारांची फी नेहमीच्या दराने, खटल्याच्या क्रमांकासह, नोंदवहीत लिहा. जो देणगी देऊ इच्छितो त्याला देणगीच देऊ द्या, त्याच्या नावाने. नाव द्यायला तो कचरत असेल तर त्याला तुमच्याकडून काय हवंय ते तिथेच कळलं.

देणगी थेट तुम्हाला मिळाली तर एक कराचा मुद्दा येतो, तो बहुतेक उमेदवारांना निकालानंतर नोटीस आल्यावर कळतो. राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला करसवलत असते आणि पक्षाचं ते उत्पन्न ठरावीक अटींवर करमुक्त असतं. उमेदवार म्हणजे पक्ष नव्हे. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात बिनमोबदला मिळालेली एकूण रक्कम ५० हजारांच्या वर गेली की ती तुमच्या उत्पन्नात धरली जाते. त्यामुळे मोठी मदत पक्षाच्या खात्यातून, पक्षाच्या पावतीने आणि पक्षाकडून तुमच्या निवडणूक खात्यात आलेली बरी. भावाच्या कंपनीने तुमच्या मंडपवाल्याला परस्पर पैसे देणं तर मुळीच नको. कंपनीला देणगी द्यायची असेल तर संचालक मंडळाचा ठराव लागतो, ती पक्षालाच आणि बँकेतून द्यावी लागते, नफातोट्याच्या पत्रकात दाखवावी लागते आणि कंपनीला किमान तीन आर्थिक वर्षं झालेली असावी लागतात. वर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा मधली काही वर्षं नव्हती, ती परत कशी आली ते पुढे सांगतो, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

खर्चाचा हिशेब अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, ठेवायचा असतो. २०२२ पासून महाराष्ट्रात विधानसभेसाठी मर्यादा ४० लाख रुपये आहे, लोकसभेसाठी ९५ लाख. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी फक्त निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खाते उघडा. हातातली रोख, पक्षाचे पैसे, मित्राचे पैसे, सगळं आधी या खात्यात आणि मग बाहेर. एका माणसाला किंवा संस्थेला संपूर्ण निवडणुकीत १० हजारांच्या वर रोख द्यायची नाही. नोंदवहीचे तीन भाग असतात: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख, पिवळ्या पानांवर बँक. प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षकापुढे ती किमान तीनदा तपासून घ्यावी लागते. निरीक्षकाचं पथक स्वतःचीही एक नोंदवही ठेवत असतं, तुमच्या सभेचं चित्रीकरण करून खुर्च्या मोजत असतं आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकाने हिशेब लावत असतं. तुम्हाला ओळखीने मंडप फुकट मिळाला तरी तो दरपत्रकाच्या भावाने खर्चात धरला जातो. तुमच्या लेखी परवानगीशिवाय कोणी हौसेने तुमच्यासाठी जाहिरात छापली तर छापणारा अडचणीत येतो, म्हणून कार्यकर्त्यांना हे आधीच बजावून ठेवा.

या कामाला पक्षाचा माणूस ठेवू नका. एखादा निवृत्त बँक कर्मचारी किंवा सोसायटीचा सचिव शोधा. तो रोज रात्री दहाला बसून पावत्या लावेल, आणि तुम्ही थकून आलात तरी तुमची सही घेतल्याशिवाय उठणार नाही.

निकालापासून ३० दिवसांत हिशेब दाखल करायचा असतो. जिंकलेला करतो. हरलेला करत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक पराभूत अपक्ष माझ्याकडे आले होते. पराभवानंतर ते घराबाहेरच पडले नाहीत, पावत्या एका पिशवीत बांधून माळ्यावर टाकल्या. नोटीस आली, तीही उघडली नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०-अ खाली तीन वर्षांची अपात्रता आली. ती विधानसभेपुरतीच असेल अशी त्यांची समजूत होती. पण जो राज्याच्या विधानमंडळासाठी अपात्र, तो पंचायतीसाठीही अपात्र, असं संविधानाचं कलम २४३-फ सांगतं. त्यांचा जिल्हा परिषदेचा अर्ज छाननीत गेला तेव्हा ते माझ्याकडे आले. त्या वेळी माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं, आणि त्या पिशवीत सगळ्या पावत्या होत्या, एकही कमी नव्हती, हे मला आजही लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे: हिशेब वेळेत दिला एवढ्यावर भागत नाही, तो खरा आहे का हेही निवडणूक आयोग तपासू शकतो.

आता शेवटचा प्रश्न.

मुंबई उच्च न्यायालयात १९५७-५८ च्या सुमाराला एक प्रकरण आलं. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या घटनापत्रात बदल करून राजकीय पक्षांना देणगी देण्याचा अधिकार घ्यायचा होता. एका भागधारकाने विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे कायदा स्पष्ट होता: कंपनीने देणगी देऊ नये असं तेव्हा कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी परवानगी दिली. पण निकालात त्यांनी इशाराही लिहिला की पक्षांना असा पैसा पुरवण्याची रीत लोकशाहीचे झरेच गढूळ करू शकते आणि हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा आवळू शकतो. हे तुम्ही नीट लक्षात घ्या. न्यायाधीशाला रोग दिसत होता आणि औषध त्याच्या हातात नव्हतं, ते संसदेच्या हातात होतं. छागला पुढे स्वतः केंद्रात मंत्री झाले, शिक्षण आणि मग परराष्ट्र खातं सांभाळलं. त्यांचा तो इशारा मात्र सहा दशकांहून अधिक काळ निकालपत्रात तसाच राहिला.

संसदेने मधल्या काळात काय केलं? १९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा घातली. १९६९ मध्ये देणग्याच बंद केल्या. बंदीने पैसा थांबला नाही, हिशेब थांबला. रोखीची जी सवय तेव्हा लागली ती १९८५ मध्ये देणग्या पुन्हा सुरू करूनही सुटली नाही.

याहून शिकण्यासारखी गोष्ट १९७४ ची आहे. दिल्लीतल्या एका निवडणुकीवरून कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. भगवती यांनी म्हटलं की उमेदवाराच्या माहितीने आणि संमतीने पक्षाने त्याच्यावर केलेला खर्च उमेदवाराच्याच मर्यादेत धरला पाहिजे, नाहीतर मर्यादेला अर्थ उरत नाही. निकाल ऑक्टोबरचा. त्याच वर्षी आधी वटहुकूम आणि मग कायदा करून संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडलं आणि पक्षाचा किंवा मित्राचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून बाहेर काढला. कोर्टात जिंकलेलं काही आठवड्यांत संसदेत गेलं. पुढे २००३ मध्ये ते स्पष्टीकरण आवळून मुख्यतः स्टार प्रचारकांच्या प्रवासापुरतं ठेवलं. पण पक्ष स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारावर किती खर्च करू शकतो याला आजही मर्यादा नाही. तुमच्या मतदारसंघात तुमचा फोटो आणि नाव असलेला फलक तुमच्या ४० लाखांत येतो. शेजारी फक्त पक्षाचं चिन्ह आणि नेत्याचा फोटो असलेला तसाच फलक येत नाही.

त्याच १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी सिटिझन्स फॉर डेमोक्रसी या संघटनेच्या वतीने निवडणूक सुधारणांसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते विठ्ठल महादेव तारकुंडे, आपल्या सासवडचे. बॅरिस्टर, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षाचे सरचिटणीस, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि पुन्हा वकील, असा त्यांचा प्रवास. पक्षांनी हिशेब ठेवावेत आणि ते तपासले जावेत, मतदानाचं वय अठरा व्हावं, असं त्या अहवालात होतं. अठरा वर्षांची सूचना १९८९ मध्ये अमलात आली. हिशेबाची सूचना अजून अर्धीच पूर्ण झाली आहे. दिनेश गोस्वामी हेही वकील आणि राजकारणी. कायदामंत्री असताना १९९० मध्ये त्यांच्या समितीने कंपन्यांच्या देणग्या बंद करून सरकारने वस्तुरूपात मर्यादित मदत द्यावी असं सुचवलं. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये सरकारी मदतीचा आराखडा दिला. माझं मत विचाराल तर सरकारी निधी हा आपल्याकडे पहिला उपाय होऊ शकत नाही. आधीचा पैसा दिसत नसताना त्यात सरकारचा पैसा ओतला तर तो आधीच्या पैशाची जागा घेणार नाही, त्यात भर पडेल.

मग २००३ आणि २०१७. हे दोन कायदे शेजारी ठेवून पाहावेत असं मी माझ्या प्रत्येक ज्युनिअरला सांगतो. २००३ च्या कायद्याने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २९-क आलं: एका आर्थिक वर्षात २० हजारांच्या वर देणगी देणाऱ्याचं नाव पक्षाने निवडणूक आयोगाला कळवायचं, नाहीतर करसवलत नाही. तेव्हा कायदामंत्री होते अरुण जेटली, देशातले नामांकित ज्येष्ठ वकील. २०१७ च्या वित्त कायद्याने निवडणूक रोख्यांतून, म्हणजे बँकेतून विकत घेऊन नाव उघड न करता पक्षाला देता येणाऱ्या रोख्यांतून, आलेली देणगी त्याच कलमातून वगळली, कंपन्यांची साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे कंपनीने सांगण्याची गरज संपवली. तेव्हा अर्थमंत्री होते अरुण जेटलीच. त्यांचा युक्तिवाद मी प्रामाणिक मानतो: देणगीदार दुसऱ्या पक्षाच्या रोषाला भितो म्हणून रोख देतो, त्याला गुप्तता दिली तर तो बँकेतून देईल. वकील म्हणून मला हा युक्तिवाद कळतो. पण त्यात मतदार कुठेच नव्हता. देणाऱ्याची भीती आणि घेणाऱ्याची गरज यांचा तोल साधला गेला आणि ज्याच्या नावाने हे सगळं चालतं त्याच्यापासून नाव लपवलं गेलं.

१५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रोखे रद्द केले. याचिकाकर्त्यांच्या बाजूने बोललेल्या वकिलांत कपिल सिब्बल होते, म्हणजे इकडेही वकील-राजकारणीच. मतदाराच्या माहितीच्या हक्कावर निकाल उभा राहिला आणि कंपन्यांच्या अमर्याद देणग्याही समानतेच्या तत्त्वावर टिकल्या नाहीत. साडेसात टक्के परत आले ते असे. निकालपत्रात छागलांच्या त्या जुन्या प्रकरणाचीही आठवण काढली आहे. ते वाचताना माझे डोळे भरून आले होते, हे सांगायला मला संकोच नाही.

पण त्यानंतर काय उरलं ते पाहा. तीस टप्प्यांत १६ हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते आणि त्यांच्या काळातल्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. नावं मार्च २०२४ मध्ये बाहेर आली. आज देणग्या चेकने, बँकेतून आणि इलेक्टोरल ट्रस्टमार्फत, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थांमार्फत, जातात. ट्रस्टला वर्षात मिळालेल्या रकमेतले ९५ टक्के त्याच वर्षी वाटावे लागतात आणि नावं उघड होतात. पण केव्हा? पक्षाचा देणग्यांचा अहवाल आर्थिक वर्ष संपल्यावर काही महिन्यांनी येतो. मतदान आधीच झालेलं असतं. २० हजारांच्या खालच्या रकमांना नावच लागत नाही. एकाच माणसाने वर्षात दहा वेळा दिलं तर ती बेरीज करून नाव द्यावं असं कलम म्हणतं, पण मुळात नाव लिहिलंच नाही तर बेरीज करणार कशाची?

न्यायालय यातलं काहीही भरून काढू शकत नाही. ते चुकीचा कायदा पाडू शकतं, नवा लिहू शकत नाही, आणि पाडलेलं संसद पुन्हा उभं करू शकते. परदेशी देणग्यांबाबतही हेच झालं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दोन मोठ्या पक्षांनी परदेशी कंपनीच्या उपकंपन्यांकडून घेतलेल्या देणग्या बेकायदा ठरवल्या. २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांनी व्याख्या मागच्या तारखेपासून बदलली, थेट १९७६ पासून. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की हे काम कायदेमंडळात शिरल्याशिवाय पूर्ण होत नाही. तुम्हाला तिथे जावंसं वाटतं ते बरोबर आहे.

मात्र एक गैरसमज दूर करतो. आमदार होऊन तुम्हाला लोकप्रतिनिधित्व कायदा बदलता येणार नाही, तो संसदेचा आहे. पण जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या निवडणुकांचा कायदा करण्याचा अधिकार संविधानाने राज्याच्या विधानमंडळाला दिला आहे, कलम २४३-के आणि २४३-झेडए. माझ्या मते निधीच्या सुधारणेची सर्वांत मोकळी आणि सर्वांत दुर्लक्षित जागा हीच आहे. उमेदवाराला मिळालेली ठरावीक रकमेवरची प्रत्येक मदत, देणाऱ्याच्या नावासह, मतदानाच्या चार दिवस आधी प्रभागात लावली गेली पाहिजे, एवढं एक कलम. पालिकेचा ठेकेदार त्याच पालिकेच्या उमेदवाराला मदत करणार नाही, हे दुसरं. त्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराचं विधेयक, म्हणून ते मांडता येतं. पास होणं अवघड आहे, मला माहीत आहे. पण विधानसभेच्या कार्यवाहीत एकदा छापलं गेलं की पुढच्या माणसाला कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही. तुम्ही वकील आहात, कलम कसं लिहायचं आणि त्याला पळवाट कुठे राहते हे तुम्हाला इतर आमदारांपेक्षा लवकर दिसेल.

हे मांडायचा अधिकार तुम्हाला तुमच्या स्वतःच्या हिशेबातून मिळेल. देणगीदारांची नावं मतदानाआधी जाहीर करा असं कायदा सांगत नाही, पण करू नका असंही सांगत नाही. दर रविवारी तुमच्या निवडणूक खात्यात आलेली रक्कम आणि देणाऱ्याचं नाव, त्याला आधी कल्पना देऊन, प्रचार कार्यालयाच्या दारावर लावा. काही देणगीदार मागे फिरतील. निकालानंतर दाखल झालेला उमेदवाराचा हिशेब एक रुपया फी भरून कोणालाही पाहता येतो. हे मतदारांना माहीतच नसतं, ते तुम्ही सभेत सांगा आणि स्वतःचाही हिशेब येऊन पाहा म्हणून सांगा.

तूर्त तीन कागद काढून ठेवा: पेढीचा भागीदारी करारनामा, गेल्या पाच वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि पेढीने कोणत्याही सरकारी खात्याशी केलेल्या करारांची यादी, पूर्णत्वाच्या दाखल्यांसह. करारनाम्यात कारभार कोण पाहणार हे कलम काय म्हणतं ते आधी वाचा. बहुतेक जुन्या करारनाम्यांत सगळे भागीदार मिळून कारभार पाहतील असं छापील वाक्य असतं. तसं असेल तर अर्ज भरण्याची वाट न पाहता याच महिन्यात नवा करारनामा करून त्याची फर्म निबंधकाकडे नोंद करून घ्या.